दोन धातूंची सोयरीक आणि समुद्राचें पाणी

समुद्रकांठीं राहणाऱ्यास गंज ही कांहीं नवलाची वस्तु नाहीं. भाईंदर स्टेशनाहून मुर्धा, राई, मोर्वा या गांवांवरून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यानें गेलें म्हणजे मिठागरें, खाडी आणि पुढें समुद्र अशी खाऱ्या पाण्याची सोबत सुटत नाहीं. आणि या सर्वांवरून येणारा वारा खिडकीच्या गजांना, कुंपणाच्या तारांना व सायकलच्या साखळीला बारा महिने चाटीत असतो. हा गंज सर्व लोखंडावर सारखाच बसतो. त्याचा उपायहि सर्वांस ठाऊक आहे: खरवडावें आणि रंग लावावा. परंतु समुद्राच्या पाण्याचा दुसरा एक प्रताप आहे, तो असा सर्वांस सारखें लेखीत नाहीं. दोन निराळ्या धातूंच्या नळ्या एकमेकींस जोडून त्यांतून हें पाणी खेळविलें कीं, एक नळी जशीच्या तशी राहते व दुसरी सांध्याजवळ भराभर झिजत जाते. येथें रंग लावून भागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर भलत्या जागीं लावलेला रंग उलट अपाय करतो. हें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय मोठमोठ्या कारखान्यांतील इंजिनियरांचा आहे, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें विद्यार्थ्यांनीं मनांत आणूं नये. तारापूरचें अणुविद्युत्केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. तेथील वाफ समुद्राच्या पाण्यानेंच निवविली जाते, आणि तेथें हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आहे हें खरें. पण तोच प्रश्न लहान प्रमाणावर उत्तनच्या बंदरांतील मासेमारीच्या बोटींतहि आहे. डिझेल इंजिन चालतांना तापतें. तें निवविण्यास पाणी हवें. आणि पाणी तर बोटीच्या खालीं अमाप आहे. म्हणून कित्येक बोटींत तळाला भोक पाडून त्यांत कांशाचा किंवा पितळेचा वॉल्व्ह बसवितात आणि पंपानें खारें पाणी आंत ओढतात. तें पाणी एका पेटींतून फिरून इंजिनाची उष्णता घेतें व बाहेर पडतें. या पेटींतल्या बारीक नळ्या बहुधा तांबें व निकेल यांच्या मिश्रधातूच्या असतात. कवच कधीं बिडाचें असतें, जोडनळी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, आणि बोल्ट जे हातीं लागतील ते. म्हणजे वाव-दीड वाव जागेंत चार-पांच धातु एका पंक्तीस बसविलेले असतात! यांतील एखादा सांधा पाण्याच्या रेषेखालीं फुटला, तर एकीकडे समुद्र बोटींत शिरूं लागतो आणि दुसरीकडे इंजिन तापून बंद पडतें. किनारा दूर असतांना, रात्रीच्या वेळीं, असें झालें म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हें ज्या घरांतील बाप किंवा भाऊ बोटीवर असतो त्या घरास सांगावयास नको.

आतां कारण पाहूं. इटलींतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी या विद्वानास असें दिसून आलें होतें कीं, मेलेल्या बेडकाच्या तंगडीस दोन निराळ्या धातूंचा एकत्र स्पर्श झाला कीं ती आखडते. त्यानें ही हकीकत १७९१ सालीं प्रसिद्ध केली. ही वीज बेडकाच्या अंगांतील आहे असें त्याचें मत होतें. त्याचा देशबांधव व्होल्टा यास तें पटलें नाहीं. वीज दोन धातूंच्या भेटींतून निघते, बेडूक हा केवळ ओला दोरा आहे, असें तो म्हणे. त्यानें १८०० सालीं जस्ताची चकती, मिठाच्या पाण्यांत भिजविलेला तुकडा व चांदीची चकती अशी एकावर एक रास रचून तींतून अखंड विद्युत्प्रवाह काढून दाखविला. व्होल्टानें जी रचना मोठ्या बुद्धीनें केली, तीच आपण लोखंडी नळीस तांब्याची नळी जोडून त्यांत समुद्राचें पाणी सोडतों तेव्हां नकळत करीत असतों. फरक एवढाच कीं, व्होल्टाला वीज हवी होती. आपणांस ती नको असते, आणि तिची किंमत मात्र धातूच्या रूपानें द्यावी लागते.

तें असें. लोखंडाचे अणु आपले विद्युत्कण मागें ठेवून पाण्यांत उतरतात. हे मागें राहिलेले विद्युत्कण धातूच्या वाटेनें तांब्याकडे धांवतात. तांब्याच्या पृष्ठभागावर पाण्यांत विरघळलेला प्राणवायु त्यांस उचलून घेतो. इकडे पाण्यांतील मिठाचे विद्युद्भारित कण मंडल पूर्ण करतात. याप्रमाणें तांबें सुरक्षित राहतें व लोखंड विरघळत जातें. यास चार गोष्टी लागतात: दोन भिन्न धातु, त्यांना जोडणारी धातूची वाट, दोघांस भिजविणारें पाणी आणि पाण्यांतला प्राणवायु. विहिरीचें गोडें पाणी विजेस मोठा अडथळा करतें, म्हणून तेथें हा झगडा सांध्याच्या अगदीं लगत व मंद गतीनें चालतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तें गोड्या पाण्याच्या कितीतरी पट सुलभ रीतीनें वीज वाहून नेतें, आणि म्हणून सांध्यापासून लांबवरची नळीहि या झगड्यांत ओढली जाते.

दोन धातूंपैकीं झिजणार कोणता, हें आधीं सांगतां येतें. समुद्राच्या पाण्यांत धातूंची एक उतरंड ठरलेली आहे. खालच्या टोकाकडे जस्त, त्याच्यावर ॲल्युमिनियम, मग लोखंड, बीड व साधें पोलाद, त्यावर पितळ, तांबें व कांसें, त्यावर तांबें-निकेलची मिश्रधातु, त्याहून वर चांगलें स्टेनलेस पोलाद व टिटॅनियम, आणि सर्वांच्या डोक्यावर, धातु नसूनहि, ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलींतला काळा पदार्थ. जो खालीं तो झिजतो, जो वर तो वांचतो. आणि दोघांत अंतर जितकें अधिक तितका जोर अधिक. लोखंड व तांबें-निकेल यांत सुमारें चार दशांश व्होल्टांचें अंतर पडतें. आंकडा लहान दिसतो खरा, पण तो दिवसरात्र काम करीत असतो.

हीच उतरंड घरांतहि पाहावयास मिळते. लोखंडी पत्र्याच्या बालदीवर जस्ताचा मुलामा असतो. तीवर ओरखडा पडला तरी तेथें गंज लवकर चढत नाहीं. कारण जस्त लोखंडाच्या खालचें असल्यामुळें तें स्वतः झिजतें व लोखंडास राखतें. उलट, खाद्यपदार्थांच्या डब्याच्या पत्र्यावर कथिलाचा मुलामा असतो. डबा खाऱ्या हवेंत बाहेर पडून त्यावर ओरखडा उठला कीं त्या रेघेवर लोखंड नुसत्या पत्र्याहूनहि लवकर खाल्लें जातें, कारण तेथें कथील वर व लोखंड खालीं असा क्रम असतो. दोन्ही मुलामे पांढरे आणि दोन्ही चकचकीत. पण एक राखणदार आणि दुसरा केवळ पांघरूण.

ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं हा प्रयोग करावा. चार कांचेचे पेले घेऊन त्यांत लिटरास ३५ ग्रॅम या प्रमाणानें मीठ विरघळविलेलें पाणी भरावें. मिठागराचें जाडें मीठ चालेल. मुलामा नसलेले चार लोखंडी खिळे कांचकागदानें घांसून स्वच्छ करावे. पहिल्या पेल्यांत नुसता खिळा ठेवावा. दुसऱ्यांतील खिळ्यास उघड्या तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे द्यावे. तिसऱ्यांतील खिळ्यास जस्ताची पट्टी घट्ट बांधावी. चवथ्यांतील खिळ्यास तांब्याचीच तार गुंडाळावी, पण तिच्यावरचें प्लॅस्टिकचें आवरण तसेंच ठेवावें. आठवड्यानें पाहिलें असतां दुसऱ्या पेल्याच्या तळाशीं तांबूस गाळ सर्वांत अधिक सांचलेला आढळेल. तिसऱ्या खिळ्याला गंज जवळजवळ नसेल, मात्र जस्तावर पांढरी पूड दिसेल. चवथा खिळा पहिल्यासारखाच असेल. या चवथ्या पेल्याकडे विशेष लक्ष द्यावें. त्यांत लोखंड आहे, तांबें आहे, खारें पाणीहि आहे; केवळ एका पातळ आवरणानें त्यांची सोयरीक मोडली आहे.

याच चवथ्या पेल्याचा प्रयोग इतिहासांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर, कोणाच्याहि मनांत नसतां, घडून गेला. जहाजाचें लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून व शेवाळापासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे मढविले व तें वेस्ट इंडीजकडे पाठविलें. १७६३ सालीं त्याची तपासणी झाली तेव्हां लाकूड चांगलें होतें, तांबेंहि चांगलें होतें. पण पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकले होते ते पुष्कळ ठिकाणीं कुजून गेले होते. कांहीं खिळे मात्र शाबूत होते. बारकाईनें पाहतां असें आढळलें कीं, तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद कांहीं जागीं काढावयाचा राहून गेला होता, आणि जेथें तो खिळा व पत्रा यांच्या मध्यें राहिला तेथें खिळा वांचला होता. वोल्टाचा शोध लागण्यास अजून सदतीस वर्षें होतीं! पुढें १७८० नंतरच्या दशकांत त्या आरमारानें पाण्याखालच्या भागांतील लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे घालण्यास आरंभ केला. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेलीं प्रसिद्ध सागवानी जहाजें यानंतरच्या काळांतलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे.

तांब्याचा पत्राहि हळूहळू झिजतोच. तो वांचवावा म्हणून हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें १८२४ सालीं त्यास जस्ताचे व लोखंडाचे लहान तुकडे जोडून पाहिले. उपाय पूर्णपणें लागू पडला. तांब्याची झीज थांबली. परंतु तांबें झिजत असतांना त्याचा जो विषारी अंश पाण्यांत उतरत होता, त्यामुळेंच समुद्रांतील प्राणी तळास चिकटत नसत. झीज थांबतांच ते दाट चिकटूं लागले व जहाजांची गति मंदावली. म्हणून आरमारानें तो नाद सोडला. लोखंडी जहाजांचा काळ आला तेव्हां हाच उपाय पुन्हां मान पावला, आणि बोटीच्या कारागिरांच्या बोलण्यांत जें 'झिंक' येतें तें डेव्हीच्या त्या तुकड्याचेंच वंशज होय.

आतां त्या रंगाकडे वळूं, कारण खरा धोका तेथें आहे. लोखंड गंजतें म्हणून लोखंडासच रंग द्यावा, हा विचार कोणाच्याहि मनांत सहज येतो. एकट्या लोखंडाच्या बाबतींत तो बरोबरहि आहे. पण तांब्याशीं जोडलेल्या लोखंडाच्या बाबतींत तो घातक ठरतो, आणि हें अंकगणितानें सिद्ध करतां येतें. एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारें ९ किलो लोखंड विरघळतें. समजा, तांबें-निकेलच्या नळीचा एक चौरस मीटर पृष्ठभाग पाण्याखालीं आहे व त्यामुळें एक दशांश अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे वर्षास सुमारें ९०० ग्रॅम लोखंड जाणार. हें लोखंड किती जाणार तें तांब्याच्या क्षेत्रफळावर ठरतें, लोखंडाच्या नव्हे. कारण प्राणवायूची देवघेव तांब्यावर चालते. लोखंडाचाहि पृष्ठभाग एक चौरस मीटर असेल तर ही झीज सर्वत्र पसरून वर्षास मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा एवढीच जाडी कमी होईल. अशी नळी पुष्कळ वर्षें टिकेल. आतां लोखंडास आंतून रंग दिला आणि रंग टवके उडून केवळ शंभर चौरस सेंटिमीटर जागेंत उघडा पडला, असें धरूं. तांबें तेवढेंच आहे, प्रवाहहि जवळजवळ तेवढाच. पूर्वी जें लोखंड शंभर पट क्षेत्रांतून जात होतें तें आतां या एवढ्याशा जागेंतून जाणार. वर्षाला ११ मिलिमीटरांहून अधिक! तीन मिलिमीटर जाडीची नळी सुमारें तीन महिन्यांत आरपार होईल. प्रत्यक्षांत प्रवाह पाण्याच्या वेगाप्रमाणें व उष्णतेप्रमाणें कमीजास्त होईल, पण हिशेबाचा रोख बदलणार नाहीं.

यावरून रंगाचा नियम उलटा निघतो. रंग द्यावयाचा तो वरच्या धातूस, म्हणजे जो झिजत नाहीं त्यास द्यावा. तांब्यावरचा रंग थोडा उडाला तरी तांब्याचें क्षेत्र लहानच राहतें व लोखंडावरचा भार बेतानें पडतो. दोन्हींस दिला तर उत्तमच. फक्त लोखंडास देणें हें सर्वांत वाईट.

बोल्ट, खिळे, वेल्डिंगचे टांके यांसहि हाच क्षेत्रफळाचा न्याय लागूं आहे. मोठ्या लोखंडी पत्र्यास तांब्याचे लहान खिळे मारले तर फारसें बिघडत नाहीं. मोठ्या तांब्याच्या पत्र्यास लोखंडी खिळे मारले तर 'अलार्म' जहाजाची कथा पुन्हां घडते. म्हणून लहान भाग नेहमीं वरच्या धातूचा असावा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत एकाच धातूची नळी घालणें. तें नेहमीं शक्य होत नाहीं. मग सांध्यांत वीज तोडावी लागते. दोन फ्लँजांच्या मध्यें रबराचें किंवा तत्सम पदार्थाचें गास्केट घालतात. पण एवढ्यानें काम होत नाहीं, कारण बोल्ट दोन्ही फ्लँजांतून जातात व तेच धातूची वाट बनतात. म्हणून प्रत्येक बोल्टास प्लॅस्टिकची नळकांडी घालावी व त्याच्या डोक्याखालीं आणि नटाखालीं तशाच चकत्या घालाव्या. ग्रॅफाइटचें गास्केट येथें केव्हांहि वापरूं नये. उतरंडींत ग्रॅफाइट कोठें आहे हें वर सांगितलेंच आहे. आट्यांच्या सांध्यांवर जी पांढरी टेप गुंडाळतात तिच्यावरहि भिस्त ठेवूं नये, कारण सांधा आवळला कीं आटे तिला कापून एकमेकांस भिडतात. वीज तुटली कीं नाहीं याची परीक्षा नळी रिकामी व कोरडी असतांना मीटरनें करावी. आंत खारें पाणी असेल तर मीटर पाण्यांतूनच वाट काढतो व फसवितो.

एवढें करूनहि दोन्ही नळ्या दुसऱ्या वाटेनें भेटतात कीं काय हें पाहावें लागतें. पोलादी जहाजांत दोन्ही नळ्या कंसांच्या आधारें एकाच सांगाड्यास टेकलेल्या असतात. तेथें सांध्यांत कितीहि रबर घातलें तरी वीज सांगाड्यांतून फिरून येते. अशा ठिकाणीं दोन धातूंच्या मध्यें प्लॅस्टिकच्या किंवा आंतून रबर लावलेल्या नळीचा एक लांब तुकडा घालतात, म्हणजे पाण्यांतली वाट लांब होऊन प्रवाह क्षीण होतो. कोठें कोठें मुद्दाम जाड पोलादाचा एक आंखूड तुकडा मध्यें घालतात; तो झिजण्यासाठींच घातलेला असतो व ठराविक काळानें बदलतात. लांकडाच्या वा फायबरच्या लहान बोटींत मात्र चांगल्या रबरी होजचा तुकडा पुष्कळ काम करून जातो. फक्त त्याच्या दोन टोकांस एखाद्या तारेनें पुन्हां एकत्र जोडलेलें नसावें.

पाण्याच्या प्रवाहाची दिशाहि महत्त्वाची आहे. तांब्यांतून येणारें पाणी तांब्याचा सूक्ष्म अंश बरोबर आणतें. तो पुढें ॲल्युमिनियमवर किंवा लोखंडावर बसला कीं त्या जागीं एक लहानशी बॅटरीच तयार होते. दोन्ही धातु एकमेकांस शिवत नसतांहि हा प्रकार होतो. म्हणून पाणी आधीं खालच्या धातूंतून व नंतर वरच्या धातूंतून जाईल अशी मांडणी करावी.

झिंकविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. तें ज्या धातूस राखावयाचें त्यास प्रत्यक्ष धातूनें जोडलेलें असावें, त्याच पाण्यांत बुडालेलें असावें, आणि त्यावर रंग कधींहि लावूं नये. बोट रंगवितांना हौसेनें झिंकवरहि कुंचला फिरविलेला आढळतो. तें मग तेथें असून नसल्यासारखें. मात्र लांकडाच्या बोटीला झिंक वाजवीपेक्षां अधिकहि लावूं नये. धातूच्या संरक्षणाबरोबर त्याच्याभोंवतीं अल्कली उत्पन्न होते, आणि ती वॉल्व्हच्या व बोल्टांच्या सभोंवारचें लांकूड मऊ व तंतुमय करून टाकते. धातु वांचतो आणि लांकूड जातें, हा व्यवहार कोणत्याहि नाखव्यास परवडणार नाहीं.

दरवर्षीं जून व जुलै महिन्यांत मासेमारीची बंदी असते व बोटी किनाऱ्यावर घेतल्या जातात, तो या तपासणीचा काळ. पितळेचा भाग घांसून पाहावा. पिंवळा रंग जाऊन तो गुलाबी दिसूं लागला असेल तर त्यांतलें जस्त पाण्यानें काढून नेलें आहे व मागें राहिलेलें तांबें ठिसूळ आहे असें जाणावें. बिडाचें कवच बाहेरून अखंड दिसलें तरी चाकूच्या टोकानें खरवडावें. काळें व मऊ लागलें तर लोखंड केव्हांच गेलें असून ग्रॅफाइटचा सांगाडा तेवढा उभा आहे. होजच्या पट्ट्या व त्यांचे स्क्रू पाहावे. झिंक निम्में झिजलें असल्यास बदलावें. आणि तें मुळींच झिजलेलें नसेल, वर्षापूर्वी लावलें तसेंच असेल, तर पैसे वांचले म्हणून आनंद मानूं नये. त्याचा संपर्क तुटला आहे कीं काय, त्यावर रंग आहे कीं काय, हें पाहावें व मग इतर सर्व सांधे एकेक करून उघडावे. कारण त्या वर्षीं झिंकच्या ऐवजीं दुसरेंच कांहींतरी झिजलें असण्याचा संभव फार आहे.